कळीमागचं शीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवीला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती तिथेच होती, तिने सगळं पाहिलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला बसले आहे. मधे मधे अडखळेन. एका दमात सांगता आलं असतं तर इतकी वर्षं लागली असती का?

तशी मी गप्प बसणारी बाई नाही. आमच्या कॉलनीत कुणाचं डोहाळजेवण असो की सोसायटीची मीटिंग, माझ्याशिवाय पान हलत नाही. तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती आहे. लोक म्हणतात, हिच्या पोटात काही राहत नाही. मी ऐकते आणि हसते. राहतं हो. एक गोष्ट चांगली मुक्काम ठोकून राहिली आहे.

कुठून सुरू करू? बदलापूरला आलो तिथूनच करते.

लग्नानंतरची चार वर्षं आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत काढली. तिथे एकटं राहायचं म्हटलं तरी राहता येत नसे. शेजारणीची फोडणी आपल्या डोळ्यांत, आपलं भांडण तिच्या कानांत. मी सारखी कुरकुर करायची — जरा म्हणून शांतता नाही. मग पंच्याऐंशीच्या सुमाराला आम्ही बदलापूरला ब्लॉक घेतला, आणि शांतता मिळाली ती अशी मिळाली की तो शब्द मी पुन्हा तोंडातून काढला नाही. तीन बिल्डिंगा उभ्या, चौथीचा पाया खणलेला, आणि पुढे बारवी धरणाच्या रस्त्यापर्यंत नुसती भातखाचरं. नवरा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट ड्युटीला. तो गेला की मी रेडिओ लावून ठेवायची. ऐकायला नाही — घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. मूल नव्हतं. हे बिल्डिंगमधल्या बायकांना पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि मग बारशाची बोलावणी माझ्या दारावरून पुढे जाऊ लागली.

बिल्डिंगच्या मागे एक जुनं जांभूळ होतं. त्याच्या बुंध्याशी देवी — जांभळाई. मूर्ती नव्हती, शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा दगड. तांदळा म्हणतात त्याला. आणि त्याची रोजची पूजा करायची ठकूबाई. मागच्या पाड्यातली. पन्नाशीची, काळी, काटक, कासोटा घालून लुगडं नेसणारी. ही पूजा तिच्या सासऱ्याकडून तिच्याकडे आलेली. कुणी नेमलेली नाही, कुणी पगार दिलेला नाही.

पूजा तरी काय? विहिरीचं कळशीभर पाणी. त्याने दगड धुवायचा, हाताने, लेकराला न्हाऊ घालतात तसा. एक फूल — कण्हेर, तगर, नाहीतर बांधावर मिळेल ते. भाकरीचा तुकडा. तेलाचा दिवा. मंत्र नाही, आरती नाही. मग ती खाली बसायची आणि देवीला आदल्या दिवसाच्या बातम्या सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला ताप आहे, कुठल्या बांधावरून कोण कुणाशी भांडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. पंधरा दिवसांनी मीही तिच्या शेजारी बसू लागले. महिनाभराने तिने माझी बातमी दिली.

"ही बाय विठ्ठलवाडीची. हिला हितं करमत नाय. जरा बघ हिच्याकडं."

माझ्याकडे जरा बघावं असं त्या गावात आणखी कुणालाही वाटत नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मी रेडिओ लावला नाही.

दीड वर्ष मी रोज सकाळी जात होते. शेंदूर तेलात कसा कालवायचा, पातळ कसा फासायचा, हे तिने शिकवलं. जाड थापला की खपली धरते आणि आईला गुदमरतं, असं ती म्हणायची. तिचं एकच सांगणं असायचं — "रोजचं रोज करायचं, बाय. मोठं काय करू नको." आजही मला धर्म म्हणून काही कळत असेल तर तेवढंच कळतं. बाकीची पुस्तकं मी चाळली आहेत, कीर्तनंही पुष्कळ ऐकली आहेत.

मग असं काय झालं? बघा — इथे मी दर वेळी थबकते. स्वतःशी आठवतानाही थबकते.

झालं असं, की एका मंगळवारी मी नारळ आणि हिरवी साडी घेऊन गेले. नवस बोलायचा होता. मूल दे, साडी नेसवीन, सोन्याचा डोळा बसवीन. त्या दिवशी कॉलनीतल्या दोघी-तिघी जणीही दर्शनाला आल्या होत्या. मी नारळ पुढे केला तर ठकूबाईने तो घेतलाच नाही.

"आई काय बाजारात बसलीय का?" ती म्हणाली. "मूल दे मंग साडी देते, असं नाय बोलायचं तिला. तू रोज येतेस ना? तिला म्हाईत हाय तुला काय पायजे ते. ने ती साडी घरी."

ती रागाने बोलली नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं हे जितक्या साधेपणाने सांगावं, तितक्याच साधेपणाने बोलली. पण त्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. वांझ बाईचा नारळ देवीनेसुद्धा घेतला नाही — ही बातमी दुपारपर्यंत तिन्ही बिल्डिंगांत पोचली होती. मी साडी घेऊन घरी आले आणि दार लावून रडले. दुसऱ्या दिवसापासून जायची बंद झाले. तीन-चार दिवसांनी ठकूबाई जिन्याखाली येऊन हाका मारून गेली. मी वरून ओ दिली नाही.

आता तिचं काय चुकलं होतं? काही नाही. ती जे म्हणाली तेच खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तेव्हा मला खरं नको होतं हो. मला व्यवहार करणारा देव हवा होता. एवढं दिलं तर एवढं मिळेल, असं स्पष्ट सांगणारा.

तसा देव आमच्या कॉलनीत लवकरच आला. सहा बिल्डिंगा झाल्या होत्या, सोसायटीची कमिटी झाली होती. चेअरमनसाहेबांच्या मनात आलं की जांभळाईचं मंदिर बांधायचं. मार्बलचा गाभारा, कळस, सभामंडप, नेमलेला पुजारी. चेअरमनच्या बायकोने — सगळ्या त्यांना वहिनी म्हणत — स्वतः माझ्या घरी येऊन मला महिला मंडळात घेतलं. बदलापूरला आल्यापासून माझ्या घरी चहाला आलेली ती पहिली बाई. मी कप घासून पुसून ठेवले होते ते मला अजून आठवतं.

अडचण एकच होती. पाड्यातले लोक म्हणाले, आईला हलवायची तर आईला विचारा. कौल लावा. ती हो म्हणाली तर आमचं काही म्हणणं नाही.

कौल तुम्हाला ठाऊक असेल. नसला तर सांगते. दोन फुलं किंवा कळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर चिकटवायच्या. एक उजव्या बाजूला, एक डाव्या. प्रश्न बोलायचा आणि वाट पाहायची. पाणी सुकत जातं, एक कळी आधी सुटते. उजवी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार. झाला निवाडा. त्यावर अपील नाही. पाड्यातली माणसं जमिनीचे वाद कौलावर मिटवायची, मुलीची सोयरीक कौलावर ठरवायची. चेअरमनसाहेबांना यात गंमत वाटली. फॉर्मॅलिटी आहे, करून टाकू, असं ते म्हणाले. पण पडली डावी तर? याचा विचार त्यांनी केला नव्हता. मी केला होता.

चैत्रातला मंगळवार ठरला. सकाळी नऊला सगळे जांभळाखाली जमले. इकडे कॉलनी, तिकडे पाडा. पाड्यातला म्हातारा कारभारी प्रश्न बोलणार होता. कळ्या कुणी लावायच्या यावर खल सुरू झाला. ठकूबाई देवी धुऊन बाजूला उभी होती. ती एकदम म्हणाली, "ही बाय लावंल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी लावल्या तं लोक म्हनतील, बाईनं आपल्याकडं वळवल्या. हिचा हात साफ हाय. माज्यासंगं दीड वरीस बसलीय ही आईपाशी."

हे वाक्य मी तुमच्यापुढे पहिल्यांदाच उच्चारते आहे.

माझ्या हातात नैवेद्याचं ताट होतं. दहीभात होता. पुढची काही वर्षं मी स्वतःला असं सांगत आले, की जे केलं ते तिथल्या तिथे सुचलं. मोहाचा क्षण होता, हात घसरला, वगैरे. खोटं आहे. आदल्या दिवशी मी नव्या तांदळाचा भात जास्त पाणी घालून लावून पाहिला होता. दोन बोटांत शीत चुरडून पाहिलं होतं, पाट्याच्या दगडावर कळी चिकटवून पाहिली होती. कळ्या कुणीही लावल्या तरी मंडळातर्फे ताट धरायला मीच उभी असणार, हे मी वहिनींकडून ठरवून घेतलं होतं. ठकूबाईने मला निवडलं नसतं तर दुसरा काही उपाय मी काढला असता. तिने निवडल्यामुळे काम सोपं झालं, इतकंच.

मी कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या. उजवी नुसत्या पाण्यावर लावली. डावी लावताना तिच्यामागे भाताचं एक शीत ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं.

बस्स, एवढंच. एक शीत.

म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं — "आई, नव्या घरात जायचं असंल, दुसऱ्या हातची पूजा घ्यायची असंल, तं उजवी दे. नसंल तं डावी दे." दुसऱ्या हातची पूजा हे चेअरमनसाहेबांनी त्याला मुद्दाम घालायला लावलं होतं. मग सगळे कळ्यांकडे पाहत उभे राहिले. पन्नास-साठ माणसं होती. दहा मिनिटं गेली असतील. मी देवीकडे पाहत नव्हते. ठकूबाईकडे पाहत होते. तिचे ओठ हलत होते. ती काय मागत होती? डावी पडू दे असं? मला तसं वाटत नाही. ती बहुतेक देवीला सकाळच्या बातम्या सांगत होती.

उजवी पडली. टाळ्या वाजल्या. वहिनींनी मला मिठी मारली. सगळ्यांत आधी हात कपाळाला नेले ते ठकूबाईने. रडली नाही, भांडली नाही. "बास," ती म्हणाली. "तिनं सांगितलं. आता आपुन बोलायचं नाय." कळशी उचलून पाड्याच्या वाटेला लागली. डावी कळी काढायला मीच पुढे झाले आणि मागचं शीत नखाने खरवडून काढलं. ती भांडली असती तर पाडा तिच्यामागे उभा राहिला असता, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. देवीच्या शब्दापुढे ती भांडणार नाही, हेही मला माहीत होतं. म्हणजे बघा — तिला हरवायला मी तिचीच श्रद्धा वापरली.

मंदिर झालं. पहिली आरती माझ्या हातून झाली. पहिला नवसाचा नारळही मीच बांधला. पुढच्या वर्षी मुलगी झाली.

हो, झाली. उल्हासनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे माझी ट्रीटमेंट चालू होती — आठ महिने, दर पंधरवड्याला. ते कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलनीत एकच बोलबाला झाला — जांभळाई पावली. वर्ष भरायच्या आत पत्रक छापलं गेलं आणि त्यात माझा अनुभव आला. मुलगी झाल्यावरच्या पहिल्या नवरात्रात मला माइकसमोर उभं केलं. कौल कसा लागला, उजवी कळी कशी पडली, नवस कसा फळला. अशी सात नवरात्रं मी ते सांगत आले. आवाज कुठे कापरा करायचा हे मला पाठ झालं होतं. डॉक्टरीणबाईंचं नाव एकदाही घेतलं नाही.

बारशाला मी ठकूबाईला बोलावलं नाही. तीच आली, चार दिवसांनी. मुलीला मांडीवर घेऊन बसली. "माजं मन खात व्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, तिनं खरंच सांगितलं का आपला कायतरी दोष झाला? आता कळलं. तिला तिकडंच जायचं व्हतं. म्हनून तर तुला दिलीनी ही." आणि निर्धास्त झाल्यासारखी हसली. तिच्या मनात जी शंकेची एक बारीक फट उरली होती, ती माझ्या मुलीने बुजवली. तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. सांगायला याहून बरी वेळ कुठली होती? मी तिला चहा दिला, खोबऱ्याच्या वड्या दिल्या, आणि ती गेल्यावर दाराला कडी लावली.

मंदिराचं पुढे काय झालं ते तुम्ही कुठेही पाहिलं असेल. पायऱ्यांवर देणगीदारांची नावं — देवीकडे जायचं तर कुणाच्या तरी वाडवडिलांवर पाय देऊनच. पंख्याच्या पात्यावर नाव, घड्याळावर नाव, घंटेवर नाव. दर लिहिलेला बोर्ड. साधी ओटी, विशेष ओटी, महाओटी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला एक व्यापारी ओटीचे तयार सेट पुरवायचा, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. "भाभीजी, पूरा सेट है माताजी का, अलग अलग लेने का झंझटच नहीं," असं म्हणत त्याने मला पहिला सेट फुकट दिला होता. सकाळी देवीला चढलेले नारळ दुपारी पुन्हा त्याच स्टॉलवर दिसायचे. आणि कौल? आमचा कौल प्रसिद्ध झाला होता ना. मंगळवारी आणि शुक्रवारी टोकन घेऊन कौल मिळू लागला. पुजारी कळ्या लावायचा. विशेष टोकनवाल्यांची बहुधा उजवीच पडायची. तो कशी लावतो हे मी कधी जवळ जाऊन पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

लोक धंद्याला नावं ठेवतात, मीही ठेवते. देवळाचं दुकान केलं, असं म्हणत चार बायकांत तोंडसुख घेते. पण दुकानाचं उद्घाटन कुणी केलं?

आठव्या नवरात्रात मी माइकपाशी उभी होते. अनुभव सांगायला अजून वेळ होता. रांगेत डोंगराकडची एक बाई आली, पदरात बांधून आणलेली फुलं घेऊन. तगरीची होती, थोडी मलूल झालेली. मंडळाच्या माणसाने तिला अडवलं. बाहेरचं सामान चालणार नाही, स्टॉलवरून सेट घ्या. तिने वाद घातला नाही. इकडे तिकडे पाहिलं, फुलं पायरीवर ठेवली, तिथूनच हात जोडले आणि गेली. ती ठकूबाई नव्हती. ठकूबाई त्याआधीच पाडा सोडून वांगणीजवळ लेकीकडे राहायला गेली होती. पण ती बाई पाठमोरी चालू लागली आणि मी माइकपासून बाजूला झाले. घसा बसलाय असं सांगून मी घरी आले. परत गेले नाही. वहिनींना गुडघेदुखीचं कारण दिलं. ते त्यांना पटलं, कारण वयाने आम्ही सगळ्याच त्या वाटेला लागलो होतो.

मग घरीच सुरुवात केली. पाटावर एक सुपारी मांडली. रोज तांब्याभर पाणी, एक फूल, एक दिवा, पोळीचा नाहीतर भाकरीचा तुकडा. मोठं काही नाही. पहिले काही दिवस हात लाजत होते. मग एक दिवस माझ्याही नकळत मी सुपारीला सांगू लागले — लेकीला गणितात कमी मार्क पडलेत, ह्यांची शिफ्ट बदललीय, खालच्या मजल्यावरची बाई हॉस्पिटलात आहे. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटू लागलं. कित्येक वर्षांनी घरात सोबत आहे असं वाटू लागलं. ज्या बाईचं सगळं हिसकावून घेतलं, तिनेच शिकवलेल्या पूजेने मला शांत झोप लागू लागली. पचतं का हे तुम्हाला? मला पचलं. वर्षभर छान पचलं.

वर्षाने वाटलं, जाऊन सांगावं. आता धीर आला आहे. वांगणी काय, एक स्टेशन. तिथून तासभर पायवाट. फाल्गुनात एका सकाळी गेले. तिची लेक कामावर गेली होती. ठकूबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. खूप वाळली होती, पण हात तेच होते. मला पाहून तिने आधी पाणी दिलं, मग मुलीची चौकशी केली. मीही वाल सोलू लागले. म्हटलं, हळूहळू विषयाकडे जाऊ. म्हणून विचारलं, "ठकूबाई, इथे तुम्ही देव कुठे मांडलाय?"

"नाय मांडला," ती म्हणाली. "लेकीचा हाय आत. तीच दिवा लावते. ती लावाय लागली का मी भायेर येते."

"का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ठाऊक असलेलंच विचारते आहे. "तू व्हतीस की तवा. तिनं सांगितलं ना, दुसऱ्याचा हात पायजे. माजा नको. मंग मी कशाला लावू हात? मनात बी नाव घेत नाय बाय. सवयीनं तोंडावर येतं कवाकवा, मंग जीभ चावते. तिला नको तं उगा तरास कशाला द्यायचा?"

मला वाटत होतं की मी तिचं देऊळ घेतलं. झाडाखालची जागा घेतली, मान घेतला. ते सगळं परत करण्यासारखं नव्हतं, आणि त्याचं फारसं दुःख तिलाही नव्हतं. पण ती कुठेही, एखाद्या कोपऱ्यात, आपली सुपारी मांडून, आपल्या बातम्या सांगत असेल — हे मी धरूनच चालले होते. ते कोण कसं घेणार कुणाचं? मी घेतलं होतं. दहा वर्षं ती बाई जिभेवर आलेलं नाव चावून गिळत होती, आणि मी रोज सकाळी माझ्या ब्लॉकमध्ये दिवा लावत होते.

एक वाक्य लागलं असतं. ठकूबाई, डाव्या कळीमागे मी भाताचं शीत लावलं होतं. बस्स. त्याच दुपारी तिने आत जाऊन दिवा लावला असता. मला शिव्या दिल्या असत्या की नाही, माहीत नाही. माझ्या मुलीकडे ती पुन्हा पूर्वीसारखी पाहू शकली असती की नाही, माहीत नाही. ती माझ्याकडे कशी पाहील याची मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. तोंड उघडलं ते असं म्हणायला, की गाडीची वेळ झाली.

निघताना तिने सोललेले वाल फडक्यात बांधून दिले, मुलीसाठी. विचारलं, "तू लावतेस ना दिवा?" मी हो म्हटलं. "मंग बरं हाय," ती म्हणाली, "तुजा हात तिला चालला." घरी येऊन मी त्या वालांची उसळ केली. चांगली झाली होती. सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतली.

याला दीड वर्ष झालं. ठकूबाई आहे अजून. परवाच पाड्यातली एक बाई भेटली, तिने सांगितलं — डोळ्यांना कमी दिसतं, पण हिंडते-फिरते. वांगणीला मी पुन्हा गेलेले नाही. हे मात्र सगळं लिहून काढलं, एकही शब्द न गाळता. ठकूबाईला वाचता येत नाही. लिहायला बसले तेव्हा हे मला पक्कं ठाऊक होतं.